नाहूरहून एका दिवसात: खाडीतले फ्लेमिंगो आणि जंगलातली लेणी

भांडुप आणि मुलुंडच्या मधले नाहूर बहुतेकांना धीम्या लोकलचे एक स्टेशन म्हणूनच माहीत असते. पण नकाशा उघडा. पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, पूर्वेला द्रुतगती महामार्ग ओलांडला की मिठागरे, खारफुटी आणि ठाण्याची खाडी. ब्राझीलमधल्या रिओ शहराच्या पोटातल्या तिजुका जंगलाचे व्हिडिओ पाहून हळहळणाऱ्यांनी आधी ही दोन ठिकाणे पाहावीत.

फ्लेमिंगो पाहायचे तर ऐरोली

मुलुंड-ऐरोली पूल ओलांडला की वनविभागाच्या कांदळवन कक्षाचे सागरी जैवविविधता केंद्र लागते. इथूनच फ्लेमिंगो पाहायला बोटी सुटतात. ठाणे खाडीचा सुमारे 1690 हेक्टर भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 मध्ये खाडीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

जगात फ्लेमिंगोच्या सहा जाती आहेत. त्यातल्या चार अमेरिका खंडांत आढळतात, काही तर थेट अँडीज पर्वतातल्या खाऱ्या तलावांवर. उरलेल्या दोन म्हणजे मोठा रोहित आणि छोटा रोहित, आणि त्या दोन्ही ठाणे खाडीत येतात. म्हणजे विमानाचे तिकीट न काढता जगातल्या एक तृतीयांश जाती पाहून होतात!

हे पक्षी इथे अंडी घालत नाहीत. त्यांची वीण प्रामुख्याने गुजरातमध्ये, कच्छच्या रणात होते. साधारण नोव्हेंबरपासून थवे खाडीत येऊ लागतात आणि मे-जूनपर्यंत मुक्काम असतो. छोट्या रोहितचे मुख्य खाणे निळे-हिरवे शेवाळ. चोच उलटी करून तो चिखलपाणी गाळतो आणि शेवाळ पोटात घेतो. गुलाबी रंगही या खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळेच येतो. पिल्ले राखाडी असतात. खाडीत इतके शेवाळ वाढते त्यात शहराच्या सांडपाण्याचाही वाटा आहे, ही गोष्ट सुंदर फोटोंखाली सहसा कोणी लिहीत नाही.

बोटीची वेळ घड्याळावर नाही, पाण्यावर ठरते. पूर्ण ओहोटीला बोट चिखलात रुतते आणि भर भरतीला चिखलपट्टे पाण्याखाली जातात, त्यामुळे पक्षी खाताना दिसत नाहीत. कोळ्यांचा जुना हिशेब इथे उपयोगी पडतो: तिथीचा पाऊणपट केला की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सुमारे सहा, चतुर्थीला सुमारे तीन. खाडीत आत पाणी चढायला थोडा आणखी वेळ लागतो. तरी निघण्यापूर्वी केंद्राचे त्या दिवसाचे वेळापत्रक आणि दर पाहूनच आरक्षण करावे. शनिवार-रविवारी ऐनवेळी जागा मिळेल या भरवशावर जाऊ नये.

बोट नको असेल तर भांडुप पंपिंग स्टेशनचा परिसर आहे. नाव ऐकून कोणी सहलीला जाणार नाही, पण पक्षीनिरीक्षकांची ही जुनी आवडती जागा. थंडीत पहाटे लवकर पोहोचावे. प्रवेशाचे नियम बदलत असतात, ते आधी विचारून घ्यावेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर येता-जाता विक्रोळीजवळ महामार्गाच्या कडेला गुलाबी फुलांनी लगडलेली झाडे दिसतील. तो तबेबुया, मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा.

जंगल जवळ, दार लांब

राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचे आहे. नाहूरहून डोंगर दिसतो, पण पर्यटकांचे मुख्य प्रवेशद्वार बोरिवलीला. त्यामुळे अख्ख्या जंगलाला वळसा पडतो. सोमवारी उद्यान बंद असते.

आत कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह सगळेच पाहतात. वेळ असेल तर वर चढून नव्वदाव्या लेण्यापर्यंत जावे. तिथे इ. स. 1009 आणि 1021 मध्ये आलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत. हजार वर्षांपूर्वीचे हे पर्यटकच म्हणायचे, फक्त भिंतीवर नावे कोरायची त्यांची ही सवय आता कोणी उचलू नये. वाटेत खडकात खोदलेली पाण्याची टाकी जागोजागी दिसतात; पावसाचे पाणी साठवून इथले भिक्षू वर्षभर राहत.

पुढे काय बदलणार

गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता नाहूरवरूनच जातो. 12.2 किलोमीटरच्या या रस्त्यातले 4.7 किलोमीटरचे जुळे बोगदे उद्यानाच्या खालून नेले जात आहेत. काम पूर्ण झाल्यावर गोरेगाव बरेच जवळ येईल. पण बोगदे जमिनीखाली असले तरी त्यांची तोंडे आणि जोडरस्ते जमिनीवरच येतात, म्हणून झाडांचा आणि लगतच्या वस्त्यांचा प्रश्न वादाचा ठरला आहे.

खाडीकडचा धोका वेगळा. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरजवळ उतरणाऱ्या विमानाची धडक बसून तीसहून अधिक फ्लेमिंगो मेले. नवी मुंबईतली पाणथळ तळी भरतीच्या वेळी या पक्ष्यांची विश्रांतीची जागा असते. ती बुजली तर थवे जागा शोधत भटकतात, असे पर्यावरणप्रेमी सतत सांगत आले आहेत.

बोटीवर गेलात तर टोपी, पाणी आणि दुर्बीण सोबत ठेवा. ड्रोन मात्र घरीच ठेवा. अभयारण्यात तो परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि त्याच्या आवाजाने थवा उठला की बोटीतल्या बाकीच्यांचीही फेरी वाया जाते.