एका सुराला किती रेकॉर्डिंग्ज लागतात?

कॉन्टॅक्टसारख्या एखाद्या सॉफ्टवेअर सॅम्पलरचा मॅपिंग एडिटर उघडला की आपल्या जमातीच्या माणसाला पहिल्यांदा एक्सेलच आठवतं. खाली कीबोर्डच्या पट्ट्या, डावीकडे खर्ज आणि उजवीकडे तार. उभ्या बाजूला १ ते १२७ असे आकडे, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली ते. आणि या जाळीवर पसरलेले चौकोन. प्रत्येक चौकोन म्हणजे एक साऊंड फाइल. ‘या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत, एवढ्या ते एवढ्या जोराने कुणी दाबलं, तर ही फाइल वाजव.’ बस. इतका मोठा ऑर्केस्ट्रा कॉम्प्युटरमधून ऐकू येतो, त्याच्या पोटात मुळात एक लुकअप टेबल आहे!

मंडळी, या टेबलाला इतिहास आहे आणि तो एकाच प्रश्नाभोवती फिरतो. एखादं वाद्य उभं करायला किती चौकोन पुरतात? प्रत्येक पिढीने वेगळं उत्तर दिलं. वरवर पाहिलं तर हे उत्तर मेमरीच्या किमतीवर ठरलं. पण दुसरीही एक किंमत कायम हिशोबात होती, ती म्हणजे खऱ्या वादकाची.

सुरुवात कॉम्प्युटरच्या आधीची आहे. कॅलिफोर्नियातल्या हॅरी चेंबरलिनला १९४०च्या दशकाच्या शेवटी एक कल्पना सुचली. आपण वाजवलेलं टेपवर रेकॉर्ड करून ऐकता येतं, तर मग बटण दाबल्यावर ती टेप का वाजू नये? त्याने प्रत्येक पट्टीखाली एक टेपची पट्टी बसवली. पट्टी दाबली की टेप हेडवर दाबली जायची आणि सुरू व्हायची, सोडली की पुन्हा मूळ जागी परत. आता प्रश्न असा की टेपचं गोल वेटोळं का नाही केलं, म्हणजे सूर हवा तेवढा वेळ चालला असता? कारण वेटोळ्याला सुरुवात नसते. आणि वाद्याची ओळख बरीचशी सुरुवातीच्या क्षणातच असते. गज तारेला लागतो तो किंचित खरखरीत आवाज, बासरीत फुंकर शिरते तो ‘फू’. हे कापून टाका, बासरी आणि व्हायोलिनमध्ये गोंधळ व्हायला लागतो. म्हणून टेपला सुरुवात हवी, आणि सुरुवात असली की शेवटही आलाच. साधारण आठ सेकंद. त्यानंतर शांतता.

१९६२ साली चेंबरलिनचा सेल्समन बिल फ्रॅन्सन दोन यंत्रं घेऊन इंग्लंडला गेला. तिथे त्याला एकसारखी ७० टेप हेड्स बनवून देणारं कुणीतरी हवं होतं. बर्मिंगहॅमच्या ब्रॅडमॅटिक या छोट्या कारखान्यातल्या ब्रॅडली बंधूंनी ते काम घेतलं. यंत्र फ्रॅन्सनचंच आहे अशी त्यांची समजूत झाली होती, आणि ती दूर करायची त्याला काही घाई नव्हती. १९६३मध्ये त्यातून जन्मला मेलोट्रॉन. चेंबरलिनला हे कळल्यावर तो किती भडकला असेल याची कल्पना करा. शेवटी पैसे देऊन प्रकरण मिटलं. (सोर्स कोड घेऊन पळालेला एम्प्लॉयी ही काही आपल्या इंडस्ट्रीची मक्तेदारी नाही.)

मेलोट्रॉनचा हिशोब सोपा होता: एका पट्टीला एक रेकॉर्डिंग. १९७०च्या एम ४०० मॉडेलमध्ये ३५ पट्ट्या, ३५ टेप, प्रत्येक टेपवर शेजारी शेजारी तीन वाद्यं. जोराचा काही संबंध नाही, हळू दाबा की जोरात, टेप तीच. तरीही १९६७मध्ये बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’च्या सुरुवातीला ज्या बासऱ्या ऐकू येतात त्या याच्याच. मूडी ब्लूजच्या माइक पिंडरने तर आधी मेलोट्रॉनच्या कारखान्यात नोकरी केली होती. ब्रिटनच्या म्युझिशियन्स युनियनने मात्र या पेटाऱ्याकडे संशयाने पाहिलं. आणि त्यांचं काय चुकलं? तीन व्हायोलिनवाले एकदा स्टुडिओत येऊन ३५ सूर वाजवून गेले. त्यानंतर ते सूर हजारो वेळा, कुणाच्याही गाण्यात, त्यांच्याशिवाय वाजणार होते. ही भीती लक्षात ठेवा.

पुढचा टप्पा सिडनीत. पीटर व्होगेल आणि किम रायरी यांना खरं तर नैसर्गिक आवाज गणिताने तयार करायचे होते. ते काही मनासारखं जमेना. शेवटी व्होगेलने रेडिओवरून पियानोचा सेकंदभराचा तुकडा मेमरीत घेतला आणि वेगवेगळ्या पट्ट्यांवर वेगवेगळ्या गतीने वाजवून पाहिला. इतके दिवस खपून केलेल्या गणितापेक्षा हा उचललेला तुकडा कितीतरी जास्त पियानोसारखा वाटला! १९७९मध्ये त्यांचं फेअरलाइट सीएमआय आलं. आठ आवाज एका वेळी, प्रत्येक आवाजाला स्वतःची १६ किलोबाइट मेमरी, ८ बिट. म्हणजे धड सेकंदभराचा आवाज. हिशोब मेलोट्रॉनच्या बरोबर उलटा: अख्ख्या कीबोर्डला एकच रेकॉर्डिंग.

आता यातली गंमत बघा. सूर एका पट्टीने चढवायचा तर फाइल १.०५९५ पट वेगाने वाजवायची (दोनाचं बारावं मूळ). बारा पट्ट्या वर गेलात की वेग दुप्पट, म्हणजे सेकंदाचा आवाज अर्ध्या सेकंदात खलास. व्हायोलिनवादकाचं बोट सेकंदाला सहा वेळा थरथरत असेल तर ते आता बारा वेळा थरथरतं. त्याहून वाईट म्हणजे, खऱ्या व्हायोलिनमध्ये सूर बदलला तरी लाकडाची पेटी तेवढीच राहते, पण इथे ती पेटीही आकसते. माणसाच्या आवाजावर हा प्रयोग केला की तो कार्टूनमधल्या खारीसारखा चिरकतो. खाली नेलात तर राक्षस. कलाकारांना हेच आवडलं ही गोष्ट वेगळी. पीटर गॅब्रिएल, केट बुश यांनी त्यातून नवीनच आवाज काढले. पण कुणाला खरोखरचा पियानो हवा असेल तर हे चालणार नव्हतं.

उपाय उघड आहे. मधे मधे नवीन रेकॉर्डिंग घ्या. समजा दर तीन पट्ट्यांना एक सॅम्पल घेतलं आणि त्याची मूळ पट्टी मधे ठेवली, तर कुठलाही आवाज फार तर एक पट्टी वर किंवा खाली ताणावा लागतो, म्हणजे सहा टक्के. ते सहसा कानाला कळत नाही. ८८ पट्ट्यांच्या पियानोला अशी तीसेक सॅम्पल्स पुरतात. यालाच मल्टिसॅम्पलिंग म्हणतात. अडचण फक्त एकच, मेमरी आणायची कुठून?

इथे कॅलिफोर्नियाच्या ई-मू कंपनीच्या डेव्ह रॉसमने केलेला विचार मला या सगळ्या गोष्टीत सर्वात जास्त आवडतो. फेअरलाइट पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक आवाजाला वेगळी मेमरी द्यायची काही गरजच नाही. आठही आवाज तेच सॅम्पल वाचणार असतील तर एकच मेमरी ठेवा आणि आळीपाळीने वाचू द्या. शेअर्ड मेमरी! १९८१च्या इम्युलेटरमध्ये १२८ किलोबाइट होती आणि कीबोर्डचे दोन भाग, प्रत्येकाला दोनेक सेकंदांचा वेगळा आवाज. पहिलं यंत्र स्टीव्ही वंडरने घेतलं. १९८४च्या इम्युलेटर टूमध्ये चौकोन वाढले. त्याच वर्षी एन्सॉनिकचं मिराज दोन हजार डॉलर्सच्या आत मिळायला लागलं आणि सॅम्पलर सामान्य बँडवाल्याच्या घरात शिरला.

१९८३मध्ये मिडी हे स्टँडर्ड आल्यावर उभा अक्षही पक्का झाला होता. पियानो हळू वाजवला तर आवाज नुसता लहान होत नाही, तो मऊ होतो. जोरात वाजवला तर त्याला धार येते. तेव्हा एकच फाइल कमी-जास्त व्हॉल्यूमने वाजवून भागत नाही. हळू, मध्यम, जोरात अशी वेगळी रेकॉर्डिंग्ज घेऊन एकावर एक रचावी लागतात. हे झाले व्हेलॉसिटी लेअर्स. अकाईच्या १९८८च्या एस १०००मध्ये एका पट्ट्यांच्या गटाला असे चार थर देता येत. पण थर आले की कडा आल्या. ६४ जोराने दाबलं तर मऊ आवाज आणि ६५ला एकदम कडक! कडा पुसायला दोन थर एकमेकांत मिसळावेत, तर त्या मधल्या जागेत एकाऐवजी दोन बासऱ्या वाजतायत असं वाटतं, कारण ती खरोखरच दोन वेगवेगळी रेकॉर्डिंग्ज असतात. यावर सर्वांना लागू पडणारा इलाज नाही. पियानोला थर जास्त आणि पातळ करा, बासरीला मिसळण कमी ठेवा, असं कानाने ठरवत जायचं.

आणि मेमरी? एस १०००मध्ये मुळात २ मेगाबाइट होती. सीडीच्या दर्जाचा मोनो आवाज सेकंदाला ८८ किलोबाइट खातो, म्हणजे सगळी मिळून तेवीसेक सेकंदं. पियानोचा एकटा खर्जाचा सूर याहून जास्त वेळ गुंजत राहतो. म्हणून सुराचा सुरुवातीचा भाग खरा ठेवायचा आणि पुढे एक छोटा तुकडा गोल गोल फिरवायचा. चेंबरलिनला टेपवर न साधलेली गोष्ट इथे साधली: सुरुवातही आणि वेटोळंही.

१९९८मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या नेमेसिस कंपनीने गिगासॅम्पलर आणला आणि हा सगळा काटकसरीचा संसार संपला. ८८ पट्ट्या, चार थर, प्रत्येकी १० सेकंद स्टिरिओ. करा गुणाकार: ६२० मेगाबाइट. त्या काळच्या पीसीत ६४ किंवा १२८ मेगाबाइट रॅम. पण हार्ड डिस्कवर जागा होती. डिस्क हळू असते, पट्टी दाबल्यावर शोधत बसली तर सूर उशिरा लागणार. म्हणून प्रत्येक सॅम्पलची फक्त सुरुवात रॅममध्ये ठेवायची. ती वाजत असताना उरलेलं डिस्कवरून आणायचं. प्रीफेच म्हणा ना! त्यांच्या गिगापियानोचा आकारच एक गिगाबाइट होता. कल्पना मोठी, पण प्रॉडक्टचं नशीब खोटं. २००१मध्ये टॅस्कॅमने कंपनी घेतली आणि २००८मध्ये काम थांबवलं. तोवर बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा कॉन्टॅक्ट (२००२) रुळला होता.

गंमत म्हणजे उत्तर फिरून मेलोट्रॉनपाशी आलं: एका पट्टीला एक रेकॉर्डिंग, ताणाताणी नाही. आणि मग तेही कमी पडायला लागलं. एकच सूर लागोपाठ चारदा वाजवला की तीच फाइल चारदा, मशीनगनसारखी. म्हणून त्याच सुराची तीन-चार रेकॉर्डिंग्ज आळीपाळीने (याला राउंड रॉबिन म्हणतात, ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या पेपरात वाचलेलं आठवत असेल). पट्टी सोडताना होणारा आवाज वेगळा. आणि सर्वात शेवटी दोन सुरांच्या मधली जागा. व्हिएन्ना सिंफनिक लायब्ररी काढणारा हर्ब टुकमांडल स्वतः चेलोवादक. त्याला माहीत होतं की सा आणि रे वेगवेगळे रेकॉर्ड केले तरी सावरून रेवर जाणं त्यात येत नाही. म्हणून त्यांनी हे जाणंच रेकॉर्ड केलं. ३० सुरांचं वाद्य घ्या, सप्तकभरापर्यंतच्या वर-खाली सगळ्या उड्या मोजा: ५६४ होतात. तेही एका थराच्या.

आमच्या घरच्या पेटीचं मी दोन रविवार खर्चून असं टेबल केलं. ४२ पट्ट्या, ४२ फाइल्स, कुकरच्या शिट्ट्या वगळून. उभा अक्ष रिकामाच ठेवला, कारण पेटीची पट्टी कितीही जोरात आपटा, आवाज भात्यावर ठरतो. म्हणून हळू आणि जोरात भाता मारून दोन थर केले आणि ते पट्टीच्या जोराऐवजी एक्स्प्रेशन पेडलला जोडले. पेटी झकास वाजते. पण तिच्यावर मींड मूळचीच नाही, म्हणून तर काम सोपं झालं! ऑल इंडिया रेडिओने १९४०मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत उठवली नाही, त्यामागचा मोठा आक्षेप हाच होता. पट्ट्या आल्या की सुरांच्या मधली वाट बंद. व्हिएन्नावाल्यांच्या ५६४ उड्या ठरलेल्या लांबीच्या आहेत. गाणारा माणूस मात्र तीच मींड विलंबितात एक मात्रा लांबवतो आणि द्रुतात अर्धीवर आणतो. ते कुठल्या चौकोनात ठेवायचं?

आणि ती युनियनची भीती. आपल्याकडे ती मुंबईत खरी झाली. हिंदी सिनेमाच्या व्हायोलिन सेक्शनमध्ये गोव्याची माणसं किती होती ते तुम्हाला ठाऊक असेलच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (प्यारेलालांचे गुरू, आणि ‘अमर अकबर अँथनी’तलं नाव त्यांचंच) हे त्यातलं मोठं नाव. १९९०च्या दशकात कीबोर्ड आणि प्रोग्रामिंग आलं, आणि मोठमोठे ऑर्केस्ट्रा एका खोलीत बसवून रेकॉर्डिंग करणं बंद होत गेलं. ग्रेगरी बूथ यांनी २००८च्या ‘बिहाइंड द कर्टन’ या पुस्तकात त्या वादकांना स्वतःला बोलू दिलंय. त्यांच्या जागी जी व्हायोलिनं आली ती त्यांची नव्हतीच. कुठल्यातरी परदेशी स्टुडिओत, दर तीन पट्ट्यांना एक या हिशोबाने कुणीतरी वाजवलेली होती. आपल्या वादकांना तर ते एकदाचं मानधनसुद्धा मिळालं नाही.