पाककलेच्या शिष्यवृत्तीमागचे स्वयंसेवी हात

पाककलेचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याचा खर्च शुल्काच्या पावतीपाशी थांबत नाही. सुऱ्यांचा संच, पांढरा अंगरखा, न घसरणारे बूट आणि प्रशिक्षणाच्या काळात परगावी राहण्याची सोय, हे सारे त्यालाच पाहावे लागते. पुढे प्रमाणपत्र हाती आले तरी पहिली नोकरी बहुधा भाज्या चिरण्याची आणि रस्से गाळण्याची असते. तिचे वेतन बेताचेच असते. भरमसाट शुल्क आणि तुटपुंजा पगार यांमधील ही दरी कर्ज काढून बुजवू पाहणारा विद्यार्थी अनेक वर्षे हप्त्यांत अडकतो. म्हणूनच या क्षेत्रात व्यावसायिकांनी स्वतःचा वेळ देऊन चालविलेल्या शिष्यवृत्त्यांना महत्त्व आहे. अमेरिकेतील दोन संस्थांच्या कामावरून त्यांचे स्वरूप समजून घेता येते.

एस्कॉफियेच्या नावाने

आधुनिक फ्रेंच पाकशास्त्राची घडी बसविणारे ओग्युस्त एस्कॉफिये (१८४६-१९३५) यांच्या स्मरणार्थ १९३६ मध्ये न्यूयॉर्क येथे एक भोजनमंडळ स्थापन झाले. ते केवळ पुरुषांसाठी होते. वृत्तपत्रात खाद्यविषयक संपादक असलेल्या कॅरोल ब्रॉक यांना या व्यवसायातील स्त्रियांसाठी स्वतंत्र व्यासपीठ हवे होते. त्यांच्या पुढाकाराने १९७६ मध्ये ‘ले दाम देस्कॉफिये’ ही संघटना न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. शेफ, लेखिका, उपाहारगृहांच्या मालकीण, वाइनतज्ज्ञ अशा स्त्रिया तिच्या सदस्य झाल्या. एकत्र जेवण्यापुरते मंडळ न ठेवता नव्या मुलींना शिक्षणासाठी मदत करणे हे तिचे मुख्य कार्य ठरले. ब्रॉक यांचे २०२० मध्ये निधन झाले. आज संघटनेच्या चाळीसहून अधिक शाखा आहेत आणि शिष्यवृत्तीचे काम बहुतांशी शाखांच्या पातळीवर चालते.

अशा कामाचे अर्थकारण साधे आहे. वर्षातून एखादे मोठे भोजन, पाककृतींचे वर्ग किंवा लिलाव योजला जातो. शेफ आपले श्रम विनामूल्य देतात, व्यापारी जिन्नस देतात, आणि त्यामुळे तिकिटांच्या रकमेतील मोठा वाटा शिष्यवृत्तीसाठी उरतो. याच पद्धतीत एक धोकाही दडलेला आहे. समारंभ थाटाचा झाला आणि निधी मात्र किरकोळ उरला, असे होऊ शकते. जमाखर्च चोख ठेवणारा खजिनदार अशा कार्यक्रमाला नामवंत पाहुण्याइतकाच आवश्यक असतो.

निवड चुलीपाशी

पॅरिसच्या ‘ल कॉर्दाँ ब्लू’ या विद्यालयाचे अमेरिकेतील प्रतिनिधी राहिलेले रिचर्ड ग्रॉसमन यांनी १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी माध्यमिक शाळांत ‘करिअर्स थ्रू कलिनरी आर्ट्स प्रोग्रॅम’ सुरू केला. ‘सी-कॅप’ या नावाने तो ओळखला जातो आणि पुढे फिलाडेल्फिया, शिकागो, लॉस एंजलिस, वॉशिंग्टन अशा शहरांत पोहोचला. गरीब वस्त्यांतील मुलांना शाळेतच व्यावसायिक पाककलेची ओळख करून द्यावी आणि स्पर्धेतून शिष्यवृत्ती मिळवून द्यावी, अशी ही योजना आहे.

तिची निवडपद्धत लक्षणीय आहे. न्यूयॉर्कच्या अंतिम स्पर्धेत वर्षानुवर्षे एकच फ्रेंच बेत ठेवला गेला. अळंब्यांच्या रश्शातील कोंबडी, पिंपाच्या आकारात सात पैलू पाडून तासलेले बटाटे आणि गोड क्रेप. हे सारे दोन तासांत, कृती समोर न ठेवता. परीक्षक म्हणून कसलेले शेफ आपला वेळ देतात. ते केवळ चव पाहत नाहीत. सुरी धरण्याची पद्धत, ओट्याची स्वच्छता आणि वाया गेलेला माल यांवरही त्यांची नजर असते. आपल्याविषयी सफाईदार निबंध लिहिणे ज्यांच्या घरी कोणी शिकविलेले नसते, अशा मुलांना ही पद्धत न्याय देते. फिलाडेल्फियातील एका शाळेच्या शिक्षिका विल्मा स्टीफन्सन आणि त्यांचे विद्यार्थी यांची अशीच तयारी ‘प्रेशर कुकर’ (२००८) या माहितीपटात पाहावयास मिळते. वॉशिंग्टनमधील याच उपक्रमातून पुढे आलेले कार्लटन मॅकॉय २०१३ मध्ये ‘मास्टर सोमेलिए’ झाले. वाइन-परीक्षणातील हा सर्वोच्च दर्जाच्या किताबांपैकी एक मानला जातो.

पैसा कोठे जातो?

शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी विद्यालयाचीही पारख करावी लागते, हा धडा अमेरिकेने महागात शिकला. सॅन फ्रान्सिस्कोतील एका खासगी पाककला विद्यालयाने नोकऱ्यांचे अवास्तव चित्र रंगविल्याचा आरोप माजी विद्यार्थ्यांनी केला होता. त्या दाव्यात २०११ मध्ये सुमारे चार कोटी डॉलरची तडजोड झाली. ‘ल कॉर्दाँ ब्लू’च्या नावाने अमेरिकेत चालणारी सोळा महाविद्यालये बंद करण्याचा निर्णय डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर झाला आणि २०१७ पर्यंत ती बंद झाली. देणगीदाराचा पैसा निमित्तमात्र विद्यार्थ्याच्या नावे निघून महागड्या संस्थेच्या तिजोरीत जाणार असेल, तर शिष्यवृत्तीचा हेतूच विफल होतो. रक्कम थेट संस्थेला देण्याने गैरवापर टळतो खरा. पण सुऱ्या, प्रवास आणि निवास यांसाठी वेगळी तरतूद नसेल, तर शुल्क भरलेला विद्यार्थीही मध्येच गळतो.

मुंबईचा वारसा

स्वयंसेवी कार्य आणि पाकशिक्षण यांचे नाते आपल्याकडेही जुने आहे. स्वातंत्र्यानंतरच्या अन्नटंचाईत लीलावती मुन्शी यांच्या नेतृत्वाखालील अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने ‘अन्नपूर्णा’ उपाहारगृहे चालविली. याच परिषदेच्या प्रयत्नांतून १९५४ मध्ये मुंबईत खाद्यव्यवस्थापनाचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. दादर येथील आजची हॉटेल मॅनेजमेंट संस्था ती हीच. या शिक्षणासाठी आज गावोगावचे विद्यार्थी मोठ्या शहरांत येतात, तेव्हा शुल्काबरोबर औद्योगिक प्रशिक्षणाच्या महिन्यांतील खोलीभाडे हाही त्यांच्यापुढील प्रश्न असतो.

धनादेशाचा समारंभ एका संध्याकाळी उरकतो. त्यानंतर विद्यार्थ्याला चांगल्या मुदपाकखान्यात उमेदवारी मिळवून देणे, पहिल्या वर्षी त्याची विचारपूस करणे आणि हात भाजला, उमेद खचली तरी तो टिकून राहील हे पाहणे, यासाठी अनुभवी माणसाचा वेळ लागतो. शिष्यवृत्तीचे यश वाटलेल्या रकमेवरून ठरवू नये. पाच वर्षांनंतर त्यांतील किती जण चुलीपाशी उभे आहेत आणि त्यांच्या डोक्यावर किती कर्ज आहे, हेच तिचे खरे मोजमाप होय.