पुनर्भ्रमण वलय चाचणी
हजारो किलोमीटर लांबीच्या प्रकाशतंतू संदेशवहन प्रणालीचे वर्तन थोड्याच तंतूच्या साहाय्याने प्रयोगशाळेत तपासण्याची पद्धत. महासागराखालील पूर्ण लांबीची केबल आणि तिचे शेकडो प्रवर्धक केवळ प्रयोगासाठी जुळवणे परवडत नाही. म्हणून काही दहा ते काही शे किलोमीटर तंतूचे वलय करून त्यातून तोच संकेत पुनःपुन्हा फिरवला जातो. १०० किमी वलयाची एक फेरी प्रकाश सुमारे ०.५ मिलिसेकंदात पुरी करतो. प्रारंभी एक प्रकाशीय स्विच तेवढाच वेळ उघडून वलय संकेताने भरले जाते, मग तो मिटून वलयातील स्विच उघडतो आणि १०० फेऱ्यांत १०,००० किमीचा प्रवास घडतो. त्रुटिमापक मात्र फक्त इच्छित फेरीतच मोजणी करतो. १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीला १०० किमीनंतर प्रकाशशक्ती साधारण एक शतांशच उरते. ही घट अर्बियमयुक्त तंतू प्रवर्धक भरून काढतात, पण प्रत्येक फेरीत त्यांचा गोंगाटही साचत जातो, आणि खरी परीक्षा त्याचीच असते.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॉलेनॉर व स्मिथ यांनी १९८८ मध्ये ४२ किमी वलयात, रामन प्रवर्धनाच्या आधारे, सॉलिटॉन स्पंद (आकार न बदलता पुढे जाणारे प्रकाशस्पंद) ४,००० किमीहून अधिक अंतर नेले.

वलयात तोच तंतू पुनःपुन्हा येत असल्याने ध्रुवणाचे परिणाम कृत्रिमरीत्या नियमित होतात आणि निष्कर्ष फसवे ठरू शकतात. यासाठी दर फेरीला ध्रुवण यदृच्छया बदलणारे साधन वलयात बसवतात.