वाटाण्याचा अंकुर आणि वेळेची नोंद

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरला झाला. ३ मे १९१३ रोजी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी त्यांनी आपला मुक्काम नाशिकला हलवला. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. विज्ञानाच्या शिक्षकांनी मात्र त्याआधीच्या एका छोट्या फितीकडेही पाहावे. ती फीत म्हणजे ‘अंकुराची वाढ’. कुंडीत वाटाणा पेरून समोर कॅमेरा पक्का बसवायचा आणि अधूनमधून एकेक चित्र घ्यायचे. अशी फीत सलग दाखवली, की रोप डोळ्यांदेखत वाढू लागते. चलच्चित्राची ही किमया भांडवलदारांना पटावी, असा फाळक्यांचा हेतू होता.

फाळक्यांनी महिनाभर रोज एक चित्र घेतले आणि फीत मिनिटभराची झाली, असे सांगितले जाते. हे आपण गणिताने तपासू. मूकपटात सेकंदाला साधारण १६ चित्रे पडद्यावर येत. महिन्याची ३० चित्रे म्हणजे जेमतेम दोन सेकंद! मिनिटभराच्या फितीसाठी १६ गुणिले ६०, म्हणजे ९६० चित्रे हवीत. ती ३० दिवसांत मिळवायची तर दिवसाला ३२ चित्रे, म्हणजे रात्रंदिवस दर पाऊण तासाला एक चित्र घ्यावे लागेल. तेव्हा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. चित्रांवरून हा निकाल लागणेही कठीण, कारण फितीवरच्या चित्राला आपण कधी टिपले गेलो हे माहीत नसते.

कॅमेरा एका गोष्टीची काळजी मात्र घेतो. फीत सरकत असताना झडप बंद असते. फीत स्थिर झाली की झडप उघडते आणि उजेड आत येतो. त्यामुळे दोन चित्रे एकमेकांत मिसळत नाहीत. चित्र पुरे होते, पण वेळ नोंदली जात नाही.

संगणकाच्या पडद्यावरचे दृश्य टिपताना हेच दोन प्रश्न पुन्हा उभे राहतात. कोणत्या खिडकीचे चित्र कोठे दिसावे, हे ठरवणाऱ्या प्रणालीला डिस्प्ले सर्व्हर म्हणतात. १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सुरू झालेल्या ‘एक्स’ प्रणालीत एखादा प्रोग्रॅम सगळा पडदा सहज वाचू शकत असे. २००८ साली सुरू झालेल्या ‘वेलँड’मध्ये ही मोकळीक नाही. तेथे प्रोग्रॅमला आधी विचारावे लागते.

हा संवाद कसा चालतो ते पाहू. वेलँडसाठी तयार झालेल्या एका नियमावलीनुसार प्रोग्रॅम एका फ्रेमची मागणी करतो. सर्व्हर कळवतो, ‘चित्र एवढे रुंद, एवढे उंच, अमुक प्रकारचे आहे, तेवढी जागा तयार ठेव.’ प्रोग्रॅम स्मृतीत तेवढी जागा राखतो आणि नक्कल करायला सांगतो. मग वाट पाहायची. शेवटी दोनपैकी एक निरोप येतो : ‘तयार’ किंवा ‘फसले’. ‘तयार’ येण्याआधी ती जागा वाचली, तर अर्धे जुने आणि अर्धे नवे चित्र हाती लागू शकते. म्हणजे कॅमेऱ्यात झडप जे काम करते, ते येथे हा निरोप करतो.

‘तयार’ या निरोपाबरोबर एक वेळही येते. ते दृश्य पडद्यावर केव्हा आले, हे तीत सेकंद आणि नॅनोसेकंदांत दिलेले असते. ‘काही बदलले तरच पुढची फ्रेम दे’ असेही प्रोग्रॅमला सांगता येते. मग दोन फ्रेममधले अंतर सारखे राहत नाही, आणि प्रत्येक फ्रेमची वेळ नसेल तर चित्रण योग्य गतीने दाखवताच येणार नाही.

वर्गात हा प्रयोग जरूर करावा. कुंडीत वाटाणा पेरा, मोबाइल एका जागी पक्का बसवा आणि दर दोन तासांनी छायाचित्र घ्या. प्रत्येक चित्रासमोर वहीत वेळ लिहा आणि रोपाची उंचीही मोजा. नंतर एका गटाला चित्रे आणि वही द्या, दुसऱ्याला नुसती चित्रे द्या. रोप सर्वांत वेगाने केव्हा वाढले, हे दोन्ही गटांना विचारा. नुसती चित्रे मिळालेला गट कोठे अडतो, ते मुलांना आपोआप कळेल.