स्प्रिंग हिल, २९ नोव्हेंबर १८६४ : साक्षी आणि पुरावे

अमेरिकेच्या यादवी युद्धात २९ नोव्हेंबर १८६४ च्या रात्री एक अख्खे सैन्य शत्रूच्या शेकोट्यांसमोरून सुखरूप निघून गेले. टेनेसीतल्या स्प्रिंग हिल गावाजवळ जनरल जॉन बेल हूड यांच्या बंडखोर 'आर्मी ऑफ टेनेसी'ने उत्तरेच्या जनरल स्कोफिल्ड यांची वाट जवळजवळ अडवली होती. सकाळी पाहतात तो स्कोफिल्ड यांचे पायदळ, तोफा आणि सुमारे ८०० गाड्या फ्रँकलिनच्या दिशेने निघून गेलेल्या. इथपर्यंत दोन्ही बाजूंचे कागद जुळतात. दोष कोणाचा, या प्रश्नावर मात्र ते एकमेकांना छेद देतात.

हूड यांची साक्ष दोन ठिकाणी आहे : फेब्रुवारी १८६५ चा अहवाल आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८८० मध्ये छापलेले आत्मकथन. दोन्हींत ठपका कोर कमांडर बेंजामिन चीटहॅम यांच्यावर आहे. फ्रँकलिनकडे जाणारा रस्ता ताब्यात घेण्याचा हुकूम आपण तोंडी दिला होता, असे हूड म्हणतात. अहवाल समकालीन खरा. पण तो लिहिला तेव्हा फ्रँकलिन आणि नॅशव्हिल येथे फौजेची वाताहत झाली होती आणि हूड यांचे सेनापतिपदही गेले होते. एवढ्या एका कागदावर निकाल देता येत नाही.

दुसरा साक्षीदार इशॅम हॅरिस, टेनेसीचे बंडखोर गव्हर्नर. ते त्या रात्री हूड यांच्याच मुक्कामी होते. १८७७ च्या पत्रात ते सांगतात : मध्यरात्री एका शिपायाने शत्रू रस्त्यावरून सरकत असल्याची खबर आणली. हूड यांनी चीटहॅमना हुकूम पाठवायला आपल्या मुख्यालयातल्या मेजर मेसन यांना सांगितले. पुढे मेसन यांनी कबूल केले की तो हुकूम पाठवलाच नव्हता. पत्र मोलाचे आहे, पण घटनेनंतर तेरा वर्षांनी लिहिलेले. आणि ज्यांना लिहिले ते जेम्स पोर्टर युद्धात चीटहॅम यांचेच अधिकारी होते.

गंमत पुढे आहे. १८८१ मध्ये चीटहॅम यांनी आपली बाजू मांडताना हे पत्र पुढे केले, आणि त्याच लेखात मध्यरात्रीच्या सुमारास मेसन यांची चिठ्ठी मिळाल्याचेही सांगितले! चिठ्ठी आपल्या विरोधात जाऊ शकते हे ठाऊक असूनही त्यांनी ती लपवली नाही. म्हणून या तपशिलापुरता मी चीटहॅम यांच्यावर अधिक विश्वास ठेवतो. मेसन यांनी काही कळवले असावे, पण हल्ल्याचा स्पष्ट हुकूम नसावा, हा माझा तर्क.

१८६४ च्या डिसेंबरच्या आरंभी हूड यांनी चीटहॅमना दोषमुक्त करणारे पत्र लिहिले, असे चीटहॅम यांच्या बाजूचे लोक सांगतात. ते पत्र जपले गेले नाही. उलट तारा उरल्या आहेत. ७ डिसेंबरला हूड यांनी चीटहॅम यांच्या बढतीची शिफारस मागे घेतली. ८ तारखेच्या तारेत त्यांच्या हातून कसूर झाल्याचे म्हटले, तरी पदावर ठेवावे असेही सुचवले. या तारेत कसुरीची तारीख ३० नोव्हेंबर पडली आहे. लेखनचूक असावी.

ज्यांना खरे विचारायला हवे होते ते गेलेले. चीटहॅम यांच्या हाताखालचे, संध्याकाळी पहिला हल्ला चढवणारे क्लेबर्न आणि ज्यांच्या खबरीमुळे (उजव्या बाजूला शत्रू आहे) पुढचा हल्ला थांबला ते स्ट्राल, दोघेही दुसऱ्याच दिवशी फ्रँकलिनला ठार झाले. (हूड त्या रात्री अफूच्या औषधाच्या गुंगीत होते, या प्रसिद्ध कथेला समकालीन कागदाचा आधार नाही.)

मला निर्णायक वाटतो तो चीटहॅम यांच्याच हाताखालचे डिव्हिजन कमांडर बेट यांचा जानेवारी १८६५ चा अहवाल. रस्त्यापर्यंत जाऊन, स्कोफिल्ड जिकडून येत होते त्या कोलंबियाच्या दिशेने वळण्याचा हुकूम आपल्याला खुद्द हूड यांनी दिला, असे बेट लिहितात. त्यांची माणसे रस्त्यावर गोळीबार करू लागली होती. तेवढ्यात चीटहॅम यांचा हुकूम आला : मागे येऊन क्लेबर्न यांच्या डावीकडे जोडून घ्या. हूड यांना रस्ता हवा होता, चीटहॅम यांचे लक्ष गावावर होते. ही फारकत अंधार पडतानाच झाली होती, मेसन यांच्या चिठ्ठीच्या कितीतरी आधी.

तेव्हा चीटहॅम यांची चूक मान्य करावी लागते. पण आपल्या हुकुमाचे काय झाले, हे रस्त्यावर जाऊन पाहण्याची जबाबदारी सेनापतीची होती, आणि हूड त्या रात्री रस्त्यावर गेले नाहीत. मुख्य दोष त्यांचा आहे.