गेममधलं कॅरेक्टर मुलगा, मुलगी की आणखी काही? ओपन-वर्ल्ड गेम्समधलं कस्टमायझेशन आणि क्वीअर चित्रण, सोप्या मराठीत



मागच्या दिवाळीत सांगलीला घरी गेले होते. फराळ चालू असताना माझा सोळा वर्षांचा मावसभाऊ फोन घेऊन शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "ताई, ह्यात पोरगी घेतली की पोरं चिडवत्यात. पोरगा घेऊन मला खेळू वाटंना. काय करू सांग."

मी गेम्सवर लिहिते, त्यामुळे फोन कुठला घ्यावा, लॅग कसा कमी करावा असले प्रश्न मला रोजच येतात. हा प्रश्न मात्र वेगळा होता आणि त्याला लगेच उत्तर देता आलं नाही. आजचा लेख त्याच्यासाठी आहे आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी.

कॅरेक्टर कस्टमायझेशन म्हणजे काय?

गेम सुरू करताना चेहरा, केस, रंग, अंगकाठी, आवाज, कपडे निवडायची जी स्क्रीन येते, तिला कॅरेक्टर क्रिएशन म्हणतात. नंतर गेममध्ये सलून, टॅटूचं दुकान, कपड्यांचं दुकान मिळतं, ते सगळं कस्टमायझेशन.

याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

१. ठरलेला नायक, बदल वरवरचे. उदाहरणार्थ, २००४ चा 'जीटीए: सॅन अँड्रियास'. २०१३ च्या डिसेंबरपासून हा फोनवरही आला आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांनी आधी नेट कॅफेत आणि मग फोनवर खेळला. त्यात सीजे जास्त खाल्लं की जाड होतो, जिममध्ये गेला की पिळदार होतो, केस आणि कपडे बदलतो. पण तो कायम सीजेच राहतो.

२. दोनातला एक निवडा. 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्ये (२०२०) सुरुवातीलाच जुळ्या भावंडांपैकी भाऊ किंवा बहीण निवडायची असते. 'बीजीएमआय' हा ओपन-वर्ल्ड नव्हे, बॅटल रॉयाल आहे, पण तिथेही आधी पुरुष की स्त्री ते सांगायचं आणि मग चेहरा, केस वगैरे.

३. सगळं सुटं सुटं. इथे शरीर, आवाज, केस, कपडे हे वेगवेगळे पर्याय असतात. एक निवडलं म्हणून दुसरं आपोआप ठरत नाही.

पडद्यामागे काय चालतं?

आपण 'स्त्री' या बटणावर बोट ठेवतो, तेव्हा गेम ते उत्तर एका रकान्यात साठवतो. मग पुढे शेकडो ठिकाणी गेम तो रकाना वाचतो. कुठला थ्रीडी सांगाडा वापरायचा, चालण्याचं ॲनिमेशन कुठलं, कुठला कलाकार बोलणार, दुकानात कुठले कपडे दाखवायचे, बाकीची पात्रं 'ही' म्हणणार की 'शी', कोण तुमच्या प्रेमात पडणार, हे सगळं त्यावरून ठरतं.

जुन्या गेम्समध्ये हे सगळं त्या एकाच रकान्यावर टांगलेलं असायचं. काम स्वस्तात व्हायचं, कारण आवाजाचं रेकॉर्डिंग, कपडे बसवणं, ॲनिमेशन या सगळ्याला पैसे लागतात. रकाने सुटे केले की जोड्या वाढतात आणि प्रत्येक जोडी तपासावी लागते. म्हणजे 'दोनच पर्याय' ठेवण्यामागे दर वेळी कुणाचा राग असतो असं नाही. बऱ्याचदा ती फक्त जुनी सवय असते. पण त्या सवयीत जो बसत नाही, त्याला बाहेर उभं राहावं लागतं.

क्वीअर म्हणजे कोण, आणि गेम्सनी आजवर काय केलं?

क्वीअर हा एक मोठा छत्रीसारखा शब्द आहे. समलिंगी, उभयलैंगिक, पारलिंगी (ट्रान्स) आणि स्त्री-पुरुष या दोन्ही चौकटींत न बसणारी माणसं त्याखाली येतात. आता काही ठळक उदाहरणं बघू.

• सेंट्स रो २ (२००८): कपडे आणि चालण्याची ढब शरीराला बांधलेली नव्हती. मिशीवाल्या गँग लीडरला झगा घालून शहरभर फिरता यायचं. गेमचा सूर थट्टेचा होता, पण मोकळीक खरी होती.

• जीटीए ५ (२०१३): रस्त्यावर दिसणाऱ्या काही पारलिंगी पात्रांची टिंगल केली जायची. खेळणाऱ्यांनी आणि गेम बनवणाऱ्यांच्या गटांनी आवाज उठवला. २०२२ मध्ये नव्या कन्सोलसाठी आलेल्या आवृत्तीत ती पात्रं काढलेली होती.

• असॅसिन्स क्रीड ओडिसी (२०१८): कसांड्रा किंवा अलेक्सिओस कुणीही घ्या आणि स्त्री-पुरुष कुणाच्याही प्रेमात पडा, असं कंपनीने सांगितलं होतं. मग जानेवारी २०१९ च्या डाउनलोड भागात कथेने सगळ्यांना एकाच वाटेवर ढकललं. तुम्ही आधी काहीही निवडलेलं असो, स्त्री-पुरुष नातं आणि मूल ठरलेलंच. लोक भडकले. युबिसॉफ्टने माफी मागितली, काही संवाद बदलले आणि त्या टप्प्याच्या ट्रॉफीचं नावही बदललं, कारण त्या नावाचा अर्थ 'आता मोठे व्हा' असा निघत होता.

• सायबरपंक २०७७ (२०२०): शरीर, आवाज, अगदी गुप्तांगापर्यंत सगळे पर्याय सुटे होते. पण बाकीची पात्रं तुम्हाला काय म्हणणार, हे आवाजावरून ठरतं. जूडी या पात्राशी प्रेम जमवायचं तर शरीर आणि आवाज दोन्ही 'बायकी'च लागतात. क्रिएशन स्क्रीनने दार उघडलं, पण कथेला त्याचा पत्ता नव्हता. याच गेममध्ये क्लेअर नावाची पारलिंगी बारटेंडर आहे. ती गाड्यांच्या शर्यती लावते आणि तिची गोष्ट आपल्या नवऱ्याच्या मृत्यूचा बदला घेण्याची आहे. ती पारलिंगी आहे हे सहज कळतं, पण तिची ओळख तेवढ्यावर संपत नाही. मला हे चांगलं चित्रण वाटतं.

कराडची एक खरी गोष्ट

हे फक्त गेम्समध्येच होतं असं वाटत असेल, तर आपल्या बाजूचं एक उदाहरण घ्या.

सातारा जिल्ह्यातल्या कराडच्या आर्या पुजारी यांना पोलीस शिपाई व्हायचं होतं. ऑनलाइन फॉर्म उघडला तर पर्याय दोनच, पुरुष आणि स्त्री. खरं तर सुप्रीम कोर्टाने १५ एप्रिल २०१४ लाच तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य केली होती, पण फॉर्मपर्यंत ती पोचली नव्हती. प्रकरण महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे गेलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने तिसरा पर्याय द्यायला सांगितलं. राज्य सरकार त्याविरुद्ध हायकोर्टात गेलं. डिसेंबरमध्ये हायकोर्टाने सुनावल्यावर सरकारने फॉर्म बदलायची तयारी दाखवली.

आता खरा मुद्दा बघा. फॉर्ममध्ये एक पर्याय वाढवणं हे वेबसाइटवाल्याचं थोड्या वेळाचं काम. पण पुढचा प्रश्न शारीरिक चाचणीचा होता. किती अंतर किती वेळात धावायचं, गोळा किती लांब टाकायचा, हे निकष पुरुष आणि स्त्री असेच लिहिलेले. म्हणून कोर्टाने २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत नियम करायला सांगितलं.

सायबरपंकमध्ये जे झालं तेच इथे. पर्याय आला, पण मागची यंत्रणा तो पर्याय ओळखत नसेल तर माणूस पुढच्या दारात अडकतो. एखादा गेम 'सर्वांना सामावून घेतो' असं कुणी म्हणालं, तर पहिली स्क्रीन बघून खूश होऊ नका. चौथ्या-पाचव्या तासाला काय होतं ते बघा.

मुलीचं कॅरेक्टर घेतलं म्हणजे...?

मावसभावाला चिडवणाऱ्या पोरांचा समज हाच आहे. त्यांना सांगावंसं वाटतं की बाबांनो, तुम्ही सांगलीत राहता!

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' केलं ते याच सांगलीत. मराठी नाटकाची सुरुवात आपण तिथून मोजतो. त्या काळात स्त्रीपात्रं पुरुषच करायचे. पुढे बालगंधर्व आले. पलूस तालुक्यातलं नागठाणे आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांच्या साड्या, दागिने, गजरा बघून घरंदाज बायका आपली फॅशन ठरवायच्या. पुरुषाने स्त्रीचं पात्र घेणं ही आपल्याकडे अभिमानाची परंपरा आहे.

म्हणजे मुलीचं कॅरेक्टर घेणारा प्रत्येक मुलगा क्वीअर असतो का? नाही. कुणाला ते दिसायला आवडतं, कुणाला कपडे चांगले मिळतात, कुणाला उगाच वाटतं म्हणून.

पण याची दुसरी बाजूही आहे. कुणासाठी ते खरंच महत्त्वाचं असतं. घरात, शाळेत, गल्लीत जे सांगता येत नाही, ते एखाद्याला गेममध्ये पहिल्यांदा करून बघता येतं. 'मला अशी हाक मारली तर कसं वाटतं?' हे तपासायला तेवढी एकच सुरक्षित जागा असू शकते. तुमच्या स्क्वॉडमधला कोण कुठल्या कारणाने खेळतोय हे तुम्हाला माहीत नसतं. म्हणून चिडवायचं नाही, इतका साधा नियम आहे.

गेम मराठीत आला तर?

हा भाग माझा आवडता. इंग्रजीत बहुतेक वेळा 'ही', 'शी' किंवा 'दे' बदललं की काम भागतं. मराठीत क्रियापदच लिंग सांगतं. 'तू जिंकलास' की 'तू जिंकलीस'? 'मी थकलो' की 'मी थकले'? आणि इंग्रजी 'दे'च्या जागी नुसतं 'ते' टाकून चालत नाही, कारण 'ते आले' म्हटलं की आपल्याला आदरार्थी पुरुषच ऐकू येतो.

पण मराठीतच याची उत्तरंही आहेत:

• 'तू जिंकलास/जिंकलीस' ऐवजी 'तुम्ही जिंकलात'. आदर पण झाला आणि लिंगही कळलं नाही.
• 'तू शत्रूला हरवलंस', 'तू मिशन पूर्ण केलंस'. इथे क्रियापद खेळणाऱ्याचं लिंग सांगतच नाही.
• 'मी येतो/येते' ऐवजी 'मी येईन'.
• 'मी थकलो/थकले' ऐवजी 'मला दम लागला'.

तांत्रिक सोयही आहे. अँड्रॉइड १४ पासून (२०२३) ॲप बनवणाऱ्यांना वापरणाऱ्याच्या पसंतीप्रमाणे स्त्रीलिंगी, पुल्लिंगी किंवा नपुंसकलिंगी वाक्यं दाखवायची व्यवस्था गूगलने दिली. ती वापरायची की नाही हे ॲपवाल्याच्या हातात आहे.

आणि आपल्या भागाची गंमत तर तुम्हाला माहीतच आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी मुली 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलतात. मीही घरी तसंच बोलते. पुण्यात कॉलेजला आल्यावर मला यावरून हसले होते, तेव्हापासून लिहिताना 'आले, गेले' करते. बोलण्यातलं एक अक्षर बदललं म्हणून कुणी हसलं की कसं वाटतं, हे मला तेव्हा थोडंसं कळलं.

गेम निवडताना हे पाच प्रश्न विचारा

१. शरीर, आवाज आणि कपडे सुटे निवडता येतात का?
२. नंतर बदलता येतात का, की पहिल्या स्क्रीनवरच कायमचं कुलूप?
३. बाकीची पात्रं तुम्हाला काय म्हणतात, आणि ते कशावरून ठरतं?
४. क्वीअर पात्राला स्वतःचं काम, राग, विनोद, गोष्ट आहे का, की ते फक्त हसायला ठेवलंय?
५. पुढच्या भागात किंवा अपडेटमध्ये तुमची निवड टिकते का?

ऑनलाइन खेळताना काळजी

• युजरनेममध्ये खरं नाव, शाळा, गाव टाकू नका.
• माइक चालू ठेवायची सक्ती नसते. आवाजावरून कुणी छळत असेल तर म्यूट, ब्लॉक आणि रिपोर्ट करा.
• घरात एकच फोन सगळे वापरत असतील तर चॅट आणि नोटिफिकेशन लॉक स्क्रीनवर दिसणार नाहीत अशी सेटिंग करा.
• कुणी स्क्रीनशॉट काढून धमकी देत असेल तर चॅट डिलीट करू नका, तो पुरावा आहे. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि अठरा वर्षांखालच्यांसाठी चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आहे.
• कुणी विश्वासाने तुम्हाला स्वतःबद्दल काही सांगितलं तर ते दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. अगदी जवळच्या मित्रालाही नाही.

आणि हेही लक्षात ठेवा की ६ सप्टेंबर २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर प्रौढांचं सहमतीचं समलिंगी नातं हा आपल्या देशात गुन्हा नाही.

मग मावसभावाला मी काय सांगितलं?

मी त्याला कारण विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "तुला जे घेऊन खेळू वाटतंय ते घे. चिडवणाऱ्यांना म्यूट कर. आणि स्क्वॉडला माणूस कमी पडला तर मला बोलव."

त्याने पोरगी घेतली, केस निळे केले. रात्री आम्ही दोघं खेळलो. दुसऱ्याच मिनिटाला मी मेले आणि पुढचा सगळा गेम त्याने एकट्याने ओढला.

तुमच्या कॅरेक्टरचं रूप तुम्ही कसं ठरवता? कमेंटमध्ये नक्की सांगा. फक्त दुसऱ्याच्या कमेंटवर हसू नका. भेटूया पुढच्या लेखात!