चार किलोंची गोटी

गॅरेजमधला गोटी-पाना तुम्ही पाहिलाच असेल. दांड्याच्या टोकाला एक पोकळ लोखंडी गोटी बसवायची आणि नट फिरवायचा. 18 सप्टेंबर 1980 च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, डमॅस्कस नावाच्या खेड्याजवळ, अशीच एक गोटी पान्यावरून निसटली. ही जरा मोठी होती, सुमारे चार किलोंची. ती जवळपास 80 फूट खाली गेली, रॉकेटच्या आधाराच्या कड्यावर आपटली, उसळली आणि इंधनाच्या टाकीला भोक पाडून गेली. हे रॉकेट म्हणजे टायटन-2 क्षेपणास्त्र होतं आणि त्याच्या टोकावर 9 मेगाटनांचा हायड्रोजन बॉम्ब होता. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या सुमारे 600 पट ताकदीचा.

शीतयुद्धाचा इतिहास आपण बहुतेक वेळा केनेडी, ख्रुश्चेव्ह, रेगन अशा नावांनी वाचतो. पण आपल्या माथ्यावर टांगलेली ही शस्त्रं रोज कोण सांभाळत होतं, हे मला या गोटीमुळे जास्त नीट कळलं.

आधी प्रश्न असा, की क्षेपणास्त्र जमिनीत पुरायचंच कशाला? उत्तर घड्याळात आहे. सोव्हिएत क्षेपणास्त्राला अमेरिकेत पोहोचायला साधारण अर्धा तास लागणार होता. अमेरिकेची सुरुवातीची क्षेपणास्त्रं, अ‍ॅटलस आणि टायटन-1, द्रवरूप ऑक्सिजनवर चालत. तो इतका थंड असतो, की रॉकेटमध्ये भरून ठेवता येत नाही. टायटन-1 खड्ड्यात असायचं खरं, पण डागायच्या वेळी त्यात ऑक्सिजन भरा, मग अवाढव्य लिफ्टने ते वर आणा, असा पंधरा मिनिटांचा खटाटोप. तेवढ्यात वर बॉम्ब पडला तर संपलंच.

1963 मध्ये तैनात झालेल्या टायटन-2 ने हा खटाटोप मिटवला. सुमारे 45 मीटर खोल काँक्रीटची विहीर, तिच्यावर 740 टनांचं झाकण, आत 31 मीटर उंच रॉकेट. ते तिथूनच, विहिरीच्या आतूनच उडणार. ज्वाळा बाहेर जायला बाजूने दोन बोगदे. शेजारच्या तीन मजली नियंत्रणकक्षाला अणुहल्ल्याचा हादरा बसू नये म्हणून तो चक्क स्प्रिंगांवर टांगलेला. आत चौघांची तुकडी, 24 तासांची पाळी. दोन चाव्या दोघांनी एकाच वेळी फिरवायच्या, आणि एकट्याचे हात पोहोचणार नाहीत इतक्या त्या लांब. आपण डागतोय ते कोणत्या शहरावर, हे त्यांना माहीत नसायचं. चाव्या फिरवल्यापासून एका मिनिटाच्या आत क्षेपणास्त्र बाहेर!

अशी 54 क्षेपणास्त्रं अ‍ॅरिझोना, कॅन्सस आणि आर्कान्सात होती.

या एका मिनिटाची किंमत होती इंधन. टायटन-2 चं इंधन साध्या तापमानाला टिकायचं, म्हणून ते कायम रॉकेटमध्ये भरलेलं असायचं. एका टाकीत एरोझिन-50, दुसरीत नायट्रोजन टेट्रॉक्साइड. दोन्ही विषारी, आणि एकमेकांना नुसते भिडले तरी पेटणारे. ठिणगीसुद्धा लागत नाही. म्हणजे शत्रूला घाबरून आपण जमिनीत लपलो, आणि सोबतीला विष आणि आग घेऊन बसलो.

या विहिरीला इंग्रजीत ‘सायलो’ म्हणतात, म्हणजे मुळात धान्याची कोठी. आपल्याकडे जमिनीखालच्या अशा कोठीला पेव म्हणतात. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर प्रसिद्धच आहेत. पेव उघडल्या उघडल्या आत उतरू नये, कोंडलेली हवा जीव घेते, हे तिथल्या हमालालाही ठाऊक असतं. जमिनीत जे साठवाल त्याची वाफ जमिनीतच साठते.

आणि हे अमेरिकेलाही ठाऊक होतं. 9 ऑगस्ट 1965 रोजी आर्कान्सातच, सर्सी गावाजवळच्या टायटनच्या विहिरीत दुरुस्तीचं काम चालू असताना आग लागली. 53 कामगार मेले, बहुतेक जण धुराने गुदमरून. दोघेच जिवंत बाहेर आले. बॉम्ब आधीच काढून ठेवलेला होता. रॉकेटमध्ये इंधन भरलेलं होतं, पण त्याचा स्फोट झाला नाही. काही काळाने ती विहीर पुन्हा तैनातीत आली.

डमॅस्कसला नशीब इतकं चांगलं नव्हतं. गोटी पडली तेव्हा काम करणारे तंत्रज्ञ विशीच्या आसपासचे. नव्या नियमाप्रमाणे टॉर्क पाना हवा होता. तो वर गाडीत राहिला होता, म्हणून हाताशी असलेला रॅचेट वापरला गेला. भोकातून इंधन वाहू लागलं, विहीर वाफेने भरली. खालची टाकी रिकामी होऊन चेपली, तर वरची तिच्यावर कोसळणार आणि दोन्ही द्रव एकत्र येणार. नियंत्रणकक्ष रिकामा करण्यात आला. वरिष्ठ अधिकारी शेकडो किलोमीटरांवरून फोनवर खल करत राहिले. आठ तास गेले.

अखेर पहाटे तीनच्या सुमारास डेव्हिड लिव्हिंग्स्टन आणि जेफ केनेडी हे दोघे आत शिरले. वाफेचं प्रमाण मोजून बाहेर आले. मग त्यांना पंखा चालू करायला सांगण्यात आलं. लिव्हिंग्स्टनने तो चालू केला, आणि थोड्याच वेळात स्फोट झाला. 740 टनांचं झाकण उडून दूर जाऊन पडलं. बॉम्बही बाहेर फेकला गेला. तो फुटला नाही. त्यातल्या सुरक्षायंत्रणा टिकल्या. 22 वर्षांचा लिव्हिंग्स्टन त्याच दिवशी वारला. 21 जण जखमी झाले.

पुढचा भाग मला स्फोटाइतकाच महत्त्वाचा वाटतो. तिथे अण्वस्त्र होतं का, यावर हवाई दल होही म्हणेना आणि नाहीही म्हणेना. केनेडीला शौर्यपदक मिळालं, आणि नियम मोडला म्हणून लेखी ताशेराही. दोष अखेर पान्यावर आणि पाना धरणाऱ्यावर आला. पण चार किलोंचं लोखंड पडल्यावर जी यंत्रणा जमिनीतून उखडली जाते, ती अशी बांधली कुणी? पोरांच्या हातून हत्यारं पडतातच. जगातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये विचारा.

1962 पासून घनइंधनाची, तुलनेने कितीतरी सुरक्षित मिनिटमन क्षेपणास्त्रं येऊ लागली होती. तरी टायटन ठेवली, कारण इतका मोठा बॉम्ब दुसऱ्या कुठल्याच क्षेपणास्त्रावर नव्हता. शेवटची टायटन 1987 मध्ये निवृत्त झाली. अ‍ॅरिझोनात एक विहीर आज संग्रहालय आहे. तिचं झाकण अर्धवट उघडं ठेवून कायमचं अडवलंय, इथे आता खरं क्षेपणास्त्र नाही हे सोव्हिएत उपग्रहांना दिसावं म्हणून.

गोष्ट मात्र संपलेली नाही. अमेरिकेची 400 मिनिटमन-3 आजही सायलोंमध्ये सज्ज आहेत. 2021 मध्ये संशोधकांनी व्यावसायिक उपग्रहांची छायाचित्रं चाळून चीनच्या वाळवंटी भागात युमेन, हामी आणि ऑर्डोस इथे सुमारे 300 नवे सायलो शोधून काढले. सायलोंचं अक्षरशः पेव फुटलंय. इंधन बदललं, दारं बदलली. पण ‘कायम सज्ज’ या दोन शब्दांचा अर्थ तोच आहे: खाली कुणीतरी पाळीवर आहे, बहुधा विशीतलं, आणि त्याच्या हातात पाना आहे.